माझ्या नावाची सव्वा मूठ

आमच्या घरी कानबाई देवीच्या रोटांचे गहू वजन करून घेत नाहीत, मुठीने घेतात. घरातल्या प्रत्येकाच्या नावाची सव्वा मूठ. आई पुढ्यात सूप घेऊन बसते, एकेकाचं नाव घेते, एक भरलेली मूठ टाकते आणि वर पाव मूठ. मुलगी असली तर तिचं लग्न होईपर्यंत तिची मूठ बापाच्या घरी पडते, मग सासरी. माणूस गेलं की त्याची मूठ थांबते. त्या गव्हाचं पीठ होतं, पिठाचे रोट होतात, जाड पोळ्यांसारखे, आणि ते भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्याला घास द्यायचा नाही, उष्टं टाकायचं नाही, राखीपौर्णिमेच्या आत सगळं संपलं पाहिजे.

हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं रडगाणं कशाचं आहे ते कळेल. देवीची भक्त वगैरे मी नाही. श्रावणात सुरतच्या आमच्या लिंबायत वस्तीत गल्लीगल्लीत कानबाई बसते तेव्हा मी बहुतेक वेळा कुठल्या तरी मिलच्या गेटवर पत्रकं वाटत असते. पण रोटांच्या रविवारी मी घरी असते. आजवर चुकवलेलं नाही.

मी जाडी होते. 'स्थूल', 'वजनदार', 'भरलेली' असले शब्द मला चालत नाहीत, जाडी म्हणा. किती किलो ते सांगणार नाही. आकडा ऐकला की लोकांचे डोळे मोठे होतात, मग माणूस दिसत नाही, आकडाच दिसतो. सुरतमध्ये जन्मले, खानदेशातून आलेल्या आईबापांची मुलगी. पप्पा डाइंग मिलमध्ये, आई घरी साड्यांचे धागे कापते, टिकल्या चिकटवते. मी कॉलेजात असतानाच कामगार संघटनेत शिरले आणि पत्रकं लिहायला शिकले. पत्रकात एका वाक्यात एकच गोष्ट सांगायची, घाबरायचं नाही, 'कदाचित' हा शब्द वापरायचा नाही. ती सवय अंगात मुरली आहे. इथे ती कितपत कामाला येईल, माहीत नाही.

माझं शरीर माझ्या कामाला येत होतं, हे कुणी कधी लक्षात घेतलं नाही. घरी साड्यांचं काम करणाऱ्या बायकांमध्ये मी शिरले ती भाषणं देऊन नाही, जेवून शिरले. कुठल्याही खोलीत गेले की आधी ताटावर बसायचं. कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, दुपारची उरलेली खिचडी, जे असेल ते. विदर्भातली बाई असो की मराठवाड्यातली, दुसऱ्यांदा वाढून घेतलं की ती बोलायला लागायची. "ही आपल्यातली आहे, पोट भरून खाते," असं म्हणायच्या. मग शेठ किती पैसे कापतो, माल कुणी खराब केला, कुणाचे डोळे गेले, सगळं बाहेर यायचं. पत्रक शेवटी निघायचं पिशवीतून. आणि गेटवर मी उभी राहिले की सुपरवायझरला बाजूने निघून जाता येत नसे. शब्दशः. जागाच नसायची.

मग साखर निघाली. एवढ्या लहान वयात. गुडघे गेले, जिना चढला की दम लागायचा, झोपेत श्वास अडकायचा आणि आई बाजूला बसून हलवायची. औषधं, चालणं, बिनसाखरेचा चहा, सगळं करून झालं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा.

गंमत अशी की त्याच ऑपरेशनविरुद्ध मी पूर्वी एक पत्रक काढलं होतं. म्हणजे ऑपरेशनविरुद्ध नाही, जाहिरातीविरुद्ध. उड्डाणपुलाजवळ एक मोठं होर्डिंग लागलं होतं. त्यात एक सडपातळ बाई स्वतःच्या जुन्या पँटच्या एकाच पायात उभी राहून हसत होती. मी लिहिलं होतं, 'आमच्या शरीराची लाज विकू नका.' संघटनेतल्या एका साथीला ते पाठ होतं. मी ऑपरेशनचं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग आता तूही एका पायात उभी राहणार का?"

"तुझ्या पायावर उभी राहीन," मी म्हटलं. तो हसला. मीही हसले. पण ते लागलं.

ऑपरेशन झालं हिवाळ्यात. जठराचा एक लहानसा कप्पा वेगळा करतात आणि आतडं सरळ त्याला जोडतात. मग भूक कमी, जागा कमी. हे सगळं चित्र काढून समजावलं होतं. नीट समजावलं, त्याबद्दल तक्रार नाही. आहार सांगणाऱ्या ताई गुजराती होत्या, चांगल्या होत्या. "बेन, धीमे धीमे चावजो, एक कोळियो, पछी राह जोवानी," म्हणायच्या. घास चावा, थांबा, वाट बघा. जेवताना पाणी नाही. गोड नाही, तळलेलं नाही. लग्नात काय खायचं, हॉटेलात काय खायचं, याचा छापील कागद दिला. त्या कागदात लिंबायत नव्हतं. कुणाच्या दारात बसून ताट नाकारायचं कसं, ते नव्हतं. वाटीभर पातळ डाळीवर एक संघटना कशी चालवायची, तेही नव्हतं. मी तरी कुठे विचारलं? कामगारांच्या करारातली प्रत्येक ओळ वाचणारी मी, तिथे मला फक्त मरायचं नव्हतं.

साखर उतरली. गुडघे सुटले. झोपेतला श्वास सरळ झाला. ऑपरेशन चुकलं असं मी म्हणत नाही, कुणी माझ्या नावावर तसं छापू नये. पण त्याबरोबर काय काय गेलं, तेही कुणीतरी लिहायला हवं ना.

केस गेले, मुठीमुठीने, न्हाणीच्या जाळीत अडकायचे. ते पुढे परत आले, थोडे. कातडं मात्र राहिलं. दंडाखाली लोंबतं, पोटावर घडीवर घडी. उन्हाळ्यात घड्यांत घामोळं होतं, पावडर लावून कापड ठेवावं लागतं. आरशात बघितलं तर कुणीतरी मोठ्या बाईचं अंग लहान बाईला घालायला दिलंय, तसं दिसतं. होर्डिंगवरच्या बाईच्या पँटबद्दल मी एवढी चिडले होते, आता कळलं की पँट तरी काढून ठेवता येते. अजूनही मी दारातून तिरकी होऊन जाते. प्लास्टिकची खुर्ची दिसली की आधी हाताने दाबून बघते, मग बसते. सभेत कुणी हसलं की वाटतं, माझ्यावरच.

आणि लोक. ऑफिसवाले, वकील, बातमी घ्यायला येणारे म्हणायचे, "वा! काय दिसतेस! ओळखलंच नाही." ओळखलंच नाही म्हणजे काय? इतकी वर्षं तुमच्यासमोर बोंबलत होते ती कोण होती? आणि वस्तीतल्या बायका उलट. आमच्याकडे माणूस असं झरझर वाळलं तर एकच अर्थ निघतो. एक शेजारीण हळूच म्हणाली, "टीबीची गोळी चालू केली का? लाजू नको, माझ्या दिरालाही होती." दुसरीने पाण्याचा पेला वेगळा काढून दिला. मी ऑपरेशनचं सांगितलं तर म्हणाली, "पोटच कापून टाकलं? खायला होतं तरी?"

त्या वेगळ्या पेल्यातलं पाणी मी पिऊन टाकलं.

त्यांच्या खोल्यांमध्ये मी जायची ते थांबलं नाही, पण बदललं. ताट पुढे आलं की मी म्हणायची, "नको, खाऊन आले." एकदा चाललं, दोनदा चाललं. मग एकीने सरळ तोंडावर मारलं, "आता आमच्या घरचं कशाला गोड लागेल? ताई मोठी झाली." मोठी! मी निम्मी झाले होते आणि ही म्हणते मोठी झाली. त्या खोलीत पुन्हा शेठचा विषय निघाला नाही. मी पत्रक ठेवून आले. ते तिने धाग्यांचा कचरा भरायला वापरलं असेल, नक्की.

हॉस्पिटलवाल्यांनी फोटो मागितला, आधीचा आणि आताचा, भिंतीवर लावायला. "लोकोने प्रेरणा मळशे," म्हणाले. मी नाही म्हटलं, जरा जोरातच. त्या भिंतीवर आधीचा फोटो असा लावतात जसा गेलेल्या माणसाचा लावावा, फक्त हार घालत नाहीत. माझ्या आधीच्या बाईने कुणाचं काय वाकडं केलं होतं? तिला लोक जेवू घालत होते.

घरी काकू मात्र खूश. काकू म्हणजे पप्पांच्या धाकट्या भावाची बायको, आमच्याच माळ्यावर, समोरच्या खोलीत. तिने लगेच स्थळ आणलं.

"आते कशी चांगली दिखी राहिनी. चलथानले एक पोऱ्या शे, साखर कारखानामा."

"काकू, त्याला आधी माझ्या पोटाचं कातडं दाखवायचं की नंतर?"

"पदर घेवाले काय व्हस तुले? सगळं उघडं करीसनच सांगनं पडस का?"

आई हसली नाही. आई ऑपरेशननंतर फार कमी हसली. तिने आयुष्यभर मला एकाच भाषेत जवळ घेतलं, ती म्हणजे वाढून. आता ती वाटीत चार चमचे डाळ घालायची, मी दोन खायची, आणि ती उरलेल्या दोनांकडे बघत बसायची. "इतलंच?" एवढंच विचारायची. रोज. मी चिडायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "इतलंच?"

त्या वर्षी श्रावणात कानबाई आली. आईने माझ्या नावाची सव्वा मूठ घातली, नेहमीसारखी. रविवारी रोट, पुरण, तांदळाची खीर, गंगाफळाची भाजी. सगळे पंगतीला बसले. मी ठरवलं होतं, एक तुकडा घ्यायचा. पण माझ्या पानात माझा अख्खा रोट होता, वर तुपाची धार. आई बघत होती. इतक्या महिन्यांनी मी तिच्या हातचं पोटभर खावं, असं तिच्या तोंडावर लिहिलं होतं. मी खाल्लं. खीरही खाल्ली. चव लागली, खरंच लागली, लहानपणची.

मग ते झालं, जे गोड खाल्लं तर होतं म्हणून त्या छापील कागदावर लिहिलं होतं. आधी घाम सुटला. मग छाती धडधडायला लागली, समोरचे दिवे लांब गेले, पोटात कुणीतरी पीळ घातला. मी मोरीपर्यंत पोचले, एवढंच. देवीचा प्रसाद, जो सांडायचाही नाही, तो सगळा मोरीत गेला. बाहेर गल्लीत डीजे वाजत होता. आईने माझं तोंड धुतलं, मोरी स्वतः धुतली. काकू दारात उभी राहून कपाळाला हात लावत होती, "आते देवीले काय सांगू?"

"देवीनं मी देखी लिसू," आई म्हणाली. "तू पड वं माय."

त्यानंतर तिने "इतलंच?" विचारणं बंद केलं. मला वाटलं, सुटले. वाटीत दोनच चमचे यायला लागले, मोजून तेवढेच, आणि ती बघत बसेनाशी झाली. हे तिचं दुःख होतं, हे मला तेव्हा समजलं नाही. मी ते माझं यश समजले. आईला पटलं एकदाचं, असं मी साथींना सांगितलंसुद्धा.

यंदाच्या श्रावणात गहू निवडायच्या दिवशी मी इच्छापोरला होते. तिथल्या कंत्राटी कामगारांना न सांगता कामावरून काढलं होतं, गेटवर आमची सभा होती. परत आले तोवर दळण होऊन डबा देवापाशी ठेवलेला. रविवारी मी आंघोळ करून पानं मांडायला गेले. काकू मागून एकेका पानात रोट ठेवत आली. पप्पांचं, काकांचं, भावाचं, चुलत भावाचं, आईचं, तिचं स्वतःचं. माझ्या पानापाशी आली आणि पुढे गेली.

"काकू, माझं?"

तिने आईकडे पाहिलं. आई चुलीशी होती, म्हणजे गॅसशी, पाठमोरी.

"तुन्ही मूठ नही शे यंदा," काकू म्हणाली. "तुनी मायनीच धरी नही."

मी उभीच राहिले. आई वळली नाही. मग तिने कोपऱ्यातून माझी वाटी काढली, पातळ डाळीची, आणि माझ्यापुढे ठेवली, पंगतीपासून जरा बाजूला. बाहेरचं माणूस अवचित आलं तर त्याला जशी वेगळी जागा करतात, तशी.

"का?" मी विचारलं.

"मांगला साल काय हाल व्हयनात तुना," ती म्हणाली. "मन्हा डोया देखत. म्हनीसन नही धरी. तुले तरास नको."

मी चिडले की पुस्तकी मराठीत शिरते. मी म्हटलं, मला न विचारता माझं नाव कुणी वगळलं, याचा जाब मिळालाच पाहिजे. मी या घराची सदस्य आहे की नाही ते सांगा. खाता येणं आणि मोजलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याची मूठ पडत नाही तो एकतर परक्या घरी गेलेला असतो किंवा मेलेला. मी यातली कोण?

"मन्हापुढे पत्रक नको वाचू," आई म्हणाली. "असं मरानं नको बोलू."

काकू मध्ये पडली. "सालभर देवले मानस नही, गेटवर भाषनं देस. आते एक मूठना करता रडी राहिनी?"

हो, रडत होते. आणि काकूचं खरंच होतं. देवीशी माझं काही भांडण नव्हतं आणि काही देणंघेणंही नव्हतं. पण वस्तीतल्या खोल्यांमधून मी उठले होते, ओळखीच्यांच्या डोळ्यांतून उठले होते, स्वतःच्या आरशातूनही उठल्यासारखी होते. एक सूप राहिलं होतं जिथे मी जाडी असो, बारीक असो, माझ्या नावाचे गहू पडायचे. तिथूनही उठले. आणि उठवलं कुणी, तर जी मला सगळ्यांत जास्त जपते तिने. कुणाविरुद्ध पत्रक काढू?

"मग आता घाल," मी म्हटलं. लहान पोरासारखं.

"दयन व्हई गयं," आई पिठाच्या डब्याकडे बघत म्हणाली. "आते कशी टाकू?"

पप्पा म्हणाले, "जेवा रे, थंड होतंय." पुरुष जेवायला लागले. त्यांना यातलं काय कळलं, मला माहीत नाही. पप्पा माझ्याकडे न बघता जेवत होते, एवढं दिसलं.

आईने आपलं पान उचललं आणि पंगतीतून उठून माझ्याजवळ येऊन बसली. स्वतःच्या रोटाचा एक तुकडा मोडला, सुपारीएवढा. त्यावर तूप नाही, पुरण नाही, कोरडा. माझ्या हातावर ठेवला. तिला तो आकार बरोबर माहीत होता, याचंच मला आश्चर्य वाटलं. ऑपरेशननंतर इतके दिवस बघत बसायची तेव्हा ती हेच बघत होती तर.

मी तोंडात घातला. चावला. थांबले. वाट पाहिली. पोट गप्प होतं. पुरुष जेवून उठले, काकूने पानं उचलली, खालच्या गल्लीत कुणी तरी ढोल तापवायला घेतला. आईचं पान तसंच, तिने घास घेतला नव्हता. मी म्हटलं, तू जेव ना.

"धीरेधीरे खाय," ती म्हणाली. "मी बठेल शे."

मी गिळला तेव्हा तिने स्वतःचा पहिला घास घेतला.

सोमवारी कानबाईला तापीवर विसर्जनाला नेतात. पूर्वी मी टेम्पोत बसून जायची, गुडघे साथ देत नव्हते. यंदा घरापासून चालत गेले, बायकांच्या घोळक्यातून, वाटेत कुठेही बसले नाही. आईला त्याचंही कौतुक वाटत होतं, दिसत होतं. गर्दीत चुकामूक होऊ नये म्हणून तिने माझं मनगट धरलं होतं. मग तिने हात खाली सरकवला, माझी बोटं आपल्या तळहातात मिटवली आणि त्यांच्याकडे बघत चालली.

"मूठ बी बारीक व्हई गई तुन्ही," म्हणाली.

बारीक असली तरी पुढच्या साली धरशील ना, असं विचारायचं होतं. मालकाच्या केबिनमध्ये शिरून मी काय काय विचारलेलं आहे. पण ते नाही विचारता आलं. ती नाही म्हणाली असती तर तेही माझ्या भल्यासाठीच म्हणाली असती. ढोल फार जवळ आले होते, आणि तिने माझा हात सोडला नव्हता.